गळाची दोरी : एकतंतु कीं वेणीची ?

प्रश्न विचारणें जितकें सोपें, तितकें त्याचें उत्तर देणें सोपें नसतें. त्यांतून शिक्षकानें दिलेलें उत्तर चुकीचें ठरलें, तर त्याचा दंड बहुधा दुसऱ्यालाच भरावा लागतो. ही गोष्ट गेल्या वर्षीं एका लहानशा प्रसंगानें मला चांगलीच पटली. तो प्रसंग आधीं सांगतों आणि मग मूळ विषयाकडे वळतों.

इयत्ता दहावींतील एक विद्यार्थी मधल्या सुट्टींत मजकडे आला. त्याचे मामा आखातांत नोकरीस आहेत. सुट्टीवर येतांना त्यांनीं भाच्यासाठीं एक स्पिनिंग रीळ आणि सात फुटांची काठी आणली होती. दोरी मात्र आणावयाची राहून गेली होती. रविवारीं दुपारनंतर मी खाडीच्या धक्क्यावर गरवावयास बसतों, हें शाळेंत सर्वांस ठाऊक आहे. तेव्हां त्यानें मोठ्या उत्सुकतेनें विचारलें, "सर, रिळावर कोणती दोरी भरूं ? तंगूस कीं ब्रेड ?" घंटा झालेली होती आणि माझ्या हातांत तपासावयाच्या वह्यांचा गठ्ठा होता. "अरे, जास्त बळकट असेल ती घे," एवढें बोलून मीं वर्गाची वाट धरली.

तीन आठवड्यांनीं तो उजव्या हाताला पट्टी बांधून शाळेंत आला. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून त्यानें सांठविलेल्या पैशांतून वेणीची दोरी घेतली होती. ती अत्यंत बळकट होती, ह्यांत शंका नाहीं. पण पहिल्या दिवशीं ती स्पुलावर सारखी घसरूं लागली. दुसऱ्या दिवशीं एक मोठा जिताडा लागला असतां ती कालवांच्या कडेवर क्षणांत कापली गेली. तिसऱ्या दिवशीं गळ खडकांत अडकला, तेव्हां त्यानें दोरी तळहाताला गुंडाळून जोरानें ओढली. दोरी तुटली नाहीं. करंगळी मात्र हाडापर्यंत चिरली. दवाखान्यांत पांच टांके घालावे लागले.

"सर, दोरी बळकटच होती," असें तो हंसून म्हणाला. त्याच्या बोलण्यांत तक्रार नव्हती, आणि म्हणूनच तें मला अधिक लागलें. जें उत्तर त्या दिवशीं मीं द्यावयास हवें होतें, तें आज येथें सावकाशपणें देत आहें. गरविण्याची हौस असणारे विद्यार्थी आपल्या शाळेंत कमी नाहींत; त्यांतील एखाद्याचा पैसा व एखाद्याचें बोट वांचलें, तरी ह्या लेखाचें सार्थक झालें असें मी समजेन.

१. स्पिनिंग रिळाची रचना

दोरीची निवड करण्यापूर्वीं ती ज्या यंत्रावर बसावयाची, तें यंत्र समजून घेतलें पाहिजे. जुन्या पद्धतीच्या रिळांत दोरी फेंकतांना स्पूल स्वतःच फिरतें. हलकें आमिष असलें म्हणजे तें हें चाक नीट फिरवूं शकत नाहीं. आणि चाक एकदां वेगानें फिरूं लागलें कीं आमिष पाण्यांत पडल्यावरहि तें फिरत राहतें व दोरीचा गुंता होतो. स्पिनिंग रिळाची युक्ति वेगळी आहे. ह्यांत स्पुलाचा आंस काठीच्या रोखानें असतो, फेंकतांना स्पूल स्थिर राहतें आणि दोरी त्याच्या कडेवरून वेटोळ्यावेटोळ्यांनीं सुटून जाते. कापडाच्या गिरणींत उभ्या बॉबिनच्या टोंकावरून सूत सुटत असतें, त्याचीच ही तऱ्हा. इंग्लंडांतील ब्रॅडफर्ड गांवीं कापडाच्या धंद्यांत असलेले आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ ह्यांनीं १९०५ सालीं अशा रिळाचें पेटंट घेतलें, ह्यांत नवल तें काय ? रोजच्या धंद्यांत डोळ्यांसमोर असलेल्या गोष्टीचा उपयोग त्यांनीं आपल्या छंदांत करून घेतला.

दोरी परत गुंडाळतांना स्पुलाभोंवतीं तारेची एक कमान फिरते. कमानीच्या टोंकाशीं एक लहानसा रूळ असतो; दोरी त्या रुळावरून काटकोनांत वळून स्पुलावर बसते. मासा जोरानें ओढूं लागला तर दोरी तुटूं नये म्हणून स्पूल कांहीं ठराविक ओढीनंतर घसरून फिरावें, अशी सोयहि केलेली असते. तिला ड्रॅग म्हणतात.

ह्या रचनेंतून दोरीविषयीं तीन अपेक्षा निर्माण होतात. पहिली, दोरी लहान स्पुलावर निमूटपणें बसली पाहिजे आणि सुटतांना मोकळी सुटली पाहिजे. दुसरी, रुळावरील वळण व घर्षण तिनें सोसलें पाहिजे. तिसरी, पीळ पडला तरी तिनें गुंता करूं नये. कारण मासा ओढत असतां व स्पूल घसरत असतां आपण मूठ फिरवीत राहिलों, तर कमानीच्या प्रत्येक फेऱ्यागणिक दोरीला एकेक पीळ बसतो. ही चूक नवशिके हमखास करितात. मासा दोरी नेत असतां मूठ फिरवूं नये, हा नियम दोरी कोणतीहि असो, पाठ करून ठेवावा.

२. दोरीचा पूर्वेतिहास

वेणीची दोरी नवी आणि तंगूस जुना, असा आपला समज असतो. परंतु वस्तुस्थिति बरीचशी उलट आहे. एकसंध लांबच लांब तंतु निसर्गांत सहसा मिळत नाहीं, म्हणून मनुष्यानें प्रथमपासून अनेक तंतु पिळून किंवा गुंफूनच दोरी केली. आयझॅक वॉल्टन ह्यांचा मासेमारीवरील प्रख्यात इंग्रजी ग्रंथ १६५३ सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हां घोड्याच्या शेंपटीचे केंस पिळून गळाची दोरी करीत असत. पुढें रेशमाच्या व अळशीच्या सुताच्या दोऱ्या आल्या. गळाजवळचा तुकडा मात्र रेशमाच्या किड्याच्या पोटांतील ग्रंथि ताणून केलेला असे. स्पेनमधील मुर्सिया प्रांत ह्या धंद्याबद्दल प्रसिद्ध होता. हा तुकडा वापरण्यापूर्वीं पाण्यांत भिजवावा लागे, आणि रेशमाची दोरी घरीं आल्यावर वाळत घालावी लागे. नाहीं तर ती कुजे.

ही स्थिति रसायनशास्त्रानें पालटली. अमेरिकेंतील ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेंत वॉलेस कॅरोदर्स ह्यांच्या देखरेखीखालीं २८ फेब्रुवारी १९३५ रोजीं नायलॉन प्रथम तयार झालें, आणि १९३८ सालीं तें जगापुढें आलें. वितळलेलें नायलॉन बारीक छिद्रांतून दाबून काढलें कीं हवा तितका लांब, एकसंध, गुळगुळीत धागा मिळूं लागला. त्यालाच आपण एकतंतु म्हणूं. आपल्या बाजारांत त्याला तंगूस म्हणतात. आरंभींचा हा धागा ताठर व हट्टी असे. १९५८ सालीं त्याच कंपनीनें स्ट्रेन नांवाचा अधिक बारीक व लवचिक धागा बाजारांत आणला, आणि त्यानंतर स्पिनिंग रिळाचा प्रसार झपाट्यानें झाला.

वेणीच्या दोरीचा पुनर्जन्म हॉलंड देशांत झाला. तेथील डीएसएम कंपनींतील स्मिथ व लेमस्ट्रा ह्या दोघां शास्त्रज्ञांनीं १९७९ च्या सुमारास पॉलिएथिलीनपासून विलक्षण बळकट तंतु काढण्याची रीत शोधून काढली. पॉलिएथिलीन म्हणजे ज्याच्या पिशव्या होतात, त्याच जातीचें द्रव्य. पण ह्या तंतूंत त्याचे अतिशय लांब रेणु एकाच दिशेनें ओळीनें लावलेले असतात. विस्कटलेल्या केंसांत व विंचरून घट्ट ओढलेल्या केंसांत जो फरक, तोच येथें समजावा. सारख्या वजनाचें पोलाद घेतल्यास हा तंतु त्याहून कितीतरी पटींनीं बळकट ठरतो. त्याचे चार किंवा आठ पदर गुंफून केलेली दोरी १९९० नंतरच्या दशकांत मासेमारीस वापरूं लागले. दुकानदार तिला ब्रेड म्हणतात. न्याहारीच्या पावाशीं तिचें नातें नाहीं. वेणी ह्या अर्थाचाच तो इंग्रजी शब्द आहे, म्हणून ह्या लेखांत मी तिला वेणीची दोरी म्हणतों.

३. जाडी आणि लांबी

आतां दोहोंची तुलना करूं. वेटनावर, अर्थात् वेष्टनावरील कागदावर, दोरी किती ओढ सोसते तें पौंडांत किंवा किलोंत छापलेलें असतें. १० पौंड म्हणजे सुमारें ४.५ किलो. १० ते १२ पौंडांचा तंगूस साधारणतः ०.३० मिलिमीटर जाड असतो; तितक्याच शक्तीची वेणीची दोरी सुमारें ०.१५ मिलिमीटर, म्हणजे निम्मी जाड असते.

येथें वर्गांतील भूमिति उपयोगीं पडते. दोरीचा छेद वर्तुळाकार धरला तर त्याचें क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत असतें. व्यास निम्मा झाला कीं क्षेत्रफळ एक चतुर्थांश होतें. म्हणून ज्या स्पुलावर ०.३० मिलिमीटर जाडीचा १५० मीटर तंगूस मावतो, त्यावर ०.१५ मिलिमीटर जाडीची वेणीची दोरी सुमारें ६०० मीटर मावेल. एवढी दोरी खाडींत कोणास लागणार ? १५० मीटर पुरेशी आहे. ती स्पुलाची फक्त चतुर्थांश जागा व्यापील. तेव्हां उरलेल्या तीन चतुर्थांश जागेंत आधीं सुमारें ११२ मीटर साधा तंगूस भरावा आणि त्यावर वेणीची दोरी गुंडाळावी. ह्यानें पैसे तर वांचतातच, शिवाय दुसरा एक मोठा लाभ होतो. वेणीची दोरी मेणासारखी गुळगुळीत असते. ती उघड्या धातूच्या स्पुलावर बांधली तर सबंध गुंडाळा स्पुलाभोंवतीं घसरतो. आमच्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशीं रीळ बिघडल्यासारखें वाटलें, त्याचें कारण हेंच. खालीं तंगुसाचे थर असले म्हणजे वरची दोरी पक्की बसते.

वेणीच्या कांहीं दोऱ्यांवर पौंडांऐवजीं 'पीई' हीं अक्षरें व एक क्रमांक असतो. ही जपानी पद्धति आहे. क्रमांक १ म्हणजे सुमारें ०.१६५ मिलिमीटर जाडी. क्रमांक ४ ची जाडी मात्र चौपट नसून दुप्पट, म्हणजे ०.३३ मिलिमीटर असते. कारण हा क्रमांक जाडीच्या प्रमाणांत नसून धाग्याच्या वजनाच्या, म्हणजेच छेदाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणांत वाढतो.

बारीक दोरीचे फायदे उघड आहेत. ती दूर जाते, कारण कडेवर व काठीच्या कड्यांत तिचें घर्षण कमी होतें. भरती-ओहोटीच्या वेळीं खाडीचा प्रवाह दोरीला रेटीत असतो; दोरी बारीक असली कीं हा रेटाहि कमी होतो, आणि हलक्या शिशानें आमिष तळाशीं टिकतें. ह्या बाबतींत वेणीची दोरी निःसंशय श्रेष्ठ होय.

४. ताण

परंतु दोरीचा स्वभाव केवळ तिच्या बळावरून ठरत नाहीं. तंगूस तुटण्यापूर्वीं आपल्या लांबीच्या सुमारें १५ ते ३० टक्के ताणला जातो. वेणीची दोरी जेमतेम ३ ते ५ टक्के. ह्याचा परिणाम हाताला लगेच जाणवतो. समजा, ४० मीटर दोरी पाण्यांत आहे आणि आपल्या झटक्यानें तंगूस ५ टक्के ताणला गेला. म्हणजे आपल्या हाताची दोन मीटर हालचाल दोरीनेंच गिळली. गळ माशाच्या जबड्यांत रुतावयास उरलें काय? तेथेंच वेणीची दोरी १ टक्का ताणली, तर फक्त ४० सेंटिमीटर वायां जातात. माशानें आमिषाला नुसतें तोंड लाविलें तरी वेणीच्या दोरींतून तें बोटाला कळतें. तंगुसांतून कळेलच असें नाहीं.

तथापि हाच गुण दुसऱ्या वेळीं अवगुण ठरतो. जिताडा गळास लागल्यावर पाण्याबाहेर उडी घेतो व डोकें झाडतो. तंगूस अशा वेळीं रबरासारखा लांबून तो धक्का पोटांत घालतो. वेणीची दोरी कांहींच क्षमा करीत नाहीं. सगळा धक्का गांठीवर, काठीवर किंवा माशाच्या ओठावर जातो, आणि ह्यांपैकीं जें सर्वांत कच्चें असेल तें फाटतें. म्हणून वेणीची दोरी वापरणारानें काठी थोडी मऊ घ्यावी व ड्रॅग सैल ठेवावा.

५. घर्षण, उष्णता, पाणी व ऊन

कोंकणच्या खाड्यांत खडकांवर व धक्क्याच्या खांबांवर कालवें असतात. त्यांच्या कडा वस्तऱ्यासारख्या असतात. शिवाय जिताड्याच्या कल्ल्यावरील झांकण धारदार व तोंड कानशीसारखें खरखरीत असतें. अशा कडांवर वेणीच्या दोरीचे बारीक तंतु एकामागून एक कापले जातात, व ताणलेली दोरी क्षणांत तुटते. तंगुसाला ओरखडा पडतो खरा, पण त्याचा सबंध जाड छेद एकाच वेळीं कापला जात नाहीं. म्हणून तो अधिक तग धरतो. 'अधिक बळकट' दोरी दुसऱ्या दिवशीं कां तुटली, तें आतां ध्यानीं येईल. सरळ ओढीचें बळ व घासण्याचें बळ हे दोन निरनिराळे गुण आहेत. मीं उत्तर देतांना त्यांतील पहिल्याचाच विचार केला होता.

ह्यावर उपाय म्हणजे लीडर. वेणीच्या दोरीच्या टोंकाला एक-दीड मीटर जाड तंगूस किंवा फ्लुओरोकार्बनचा धागा जोडावा आणि गळ त्याला बांधावा. फ्लुओरोकार्बन हा नायलॉनपेक्षां कठीण व जड असतो. त्याचा प्रकाश-वक्रीभवनांक सुमारें १.४२, नायलॉनचा १.५३ व पाण्याचा १.३३ आहे. पाण्याच्या अंकाला जो जवळ, तो पाण्यांत कमी दिसतो, हें पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. वेणीची दोरी तर अपारदर्शक असते. स्वच्छ पाण्यांत ती माशास दिसण्याचा संभव असतो, म्हणूनहि लीडर इष्ट.

उष्णतेच्या बाबतींतहि भेद आहे. नायलॉन २२० अंश सेंटिग्रेड किंवा त्याहून अधिक उष्णतेस वितळतें. वेणीच्या दोरीचें द्रव्य १५० अंशांच्या आंतबाहेरच. कोरडी गांठ जोरानें आवळली कीं घर्षणानें दोरी तेथेंच दुबळी होते. म्हणून गांठ आवळण्यापूर्वीं ती पाण्यानें ओली करावी; तंगुसालाहि हा नियम हितकर आहे.

नायलॉन थोडें पाणी शोषून घेतें व भिजल्यावर किंचित् दुबळें होतें. उन्हानें तर त्याचें बरेंच नुकसान होतें, आणि लहान स्पुलावर बराच काळ राहिल्यास त्याला वेटोळ्यांची संवय लागते. यास्तव तंगूस दर हंगामास बदलावा. तो स्वस्त असल्यामुळें हें परवडतें. वेणीची दोरी पाणी शोषीत नाहीं व वेटोळीं धरीत नाहीं. नीट वापरल्यास ती कांहीं वर्षें टिकते. पुढचा भाग झिजल्यावर ती सबंध काढून उलट गुंडाळली कीं आंतला नवा भाग वर येतो. एक गोष्ट लक्षांत असावी : नायलॉन पाण्याहून किंचित् जड असल्यामुळें सावकाश बुडतें, वेणीची दोरी पाण्याहून हलकी असल्यामुळें तरंगते.

६. मग निवड कशी करावी ?

येथवर वाचल्यावर हें स्पष्ट होईल कीं, 'कोणती दोरी चांगली' हा प्रश्नच अपुरा आहे. 'कोणासाठीं, कोठें व कोणत्या कामाला' हें जोडल्यावांचून त्याचें उत्तर संभवत नाहीं.

जो नवशिका आहे, ज्याला कोळंबीचें किंवा माशाच्या तुकड्याचें आमिष लावून शिशाच्या वजनानें तळाशीं गरवावयाचें आहे, त्यानें १० ते १२ पौंडांचा तंगूस घ्यावा. तो स्वस्त आहे, गांठ सहज बसते, गुंता झाला तर सुटतो, आणि ड्रॅग लावण्यांत चूक झाली तरी सांभाळून घेतो. ज्या धक्क्यावर माणसें खांद्याला खांदा लावून बसतात, तेथेंहि तंगूसच बरा. वेणीची दोरी शेजाऱ्याच्या तंगुसांत अडकली तर तो कापते, व मग मासा राहतो बाजूला आणि भांडण मात्र पदरीं येतें.

ज्याचा हात बसला आहे, जो खोटें आमिष पुनःपुन्हा दूर फेंकून जिताडा किंवा तांबोशी शोधतो, किंवा ज्याला खोल पाण्यांत तळाची खबर बोटाला हवी आहे, त्यानें १५ ते २० पौंडांची वेणीची दोरी, तिच्याखालीं तंगुसाचे थर व पुढें ३० ते ४० पौंडांचा लीडर, अशी व्यवस्था करावी. ह्यांत दोन्ही दोऱ्यांचे गुण एकत्र येतात : मधली दोरी दूर जाते व खबर देते, पुढची दोरी घासणें सोसते, आणि खालची तिला पाया देते. वाद घालणारांच्या ध्यानांत ही गोष्ट येत नाहीं कीं, जाणता गरविणारा बहुधा दोन्ही दोऱ्या एकाच रिळावर वापरतो.

रीळ फार जुनें असेल तर कमानीवरील रूळ बोटानें चांचपून पाहावा. मऊ धातूच्या रुळाला वेणीची दोरी खांच पाडते, आणि मग ती खांचच दोरीला कापते. अशा रिळावर तंगूसच भरावा.

७. भरणें, बांधणें व ड्रॅग लावणें

दोरी भरतांना ती ओल्या फडक्यांतून बोटांच्या चिमटींत धरून ताणानें गुंडाळावी. सैल गुंडाळलेली वेणीची दोरी मोठ्या माशाच्या ओढीनें आपल्याच थरांत रुतून बसते. स्पूल कांठोकांठ भरूं नये. कडेपासून दोन-तीन मिलिमीटर जागा सोडावी. अधिक भरल्यास वेटोळीं एकदम सुटून गुंता होतो, व कमी भरल्यास फेंक आंखूड पडते. आमिष पाण्यांत पडल्यावर तारेची कमान मूठ फिरवून न मिटतां हातानें मिटावी आणि सैल राहिलेली दोरी ओढून घ्यावी. वेणीच्या दोरीचे बहुतेक गुंते ह्या एका संवयीनें टळतात.

तंगुसाला चालणारी साधी पिळाची गांठ वेणीच्या दोरीवर घसरते. तिला पालोमार नांवाची गांठ उत्तम. दोरी दुहेरी करून गळाच्या नेढ्यांतून ओंवावी. त्या दुहेरी दोरीची एक साधी सैल गांठ मारावी. पुढें राहिलेल्या फांसांतून सबंध गळ काढावा. मग ओली करून सावकाश आवळावी. वर्गांत सुतळी व मोठा खिळा घेऊन चार वेळां केली कीं ती जन्मभर विसरत नाहीं.

ड्रॅग अंदाजानें न लावतां ताणकांट्यानें लावावा. कांटा दोरीच्या टोंकाला अडकवून काठी वांकेल असें ओढावें; दोरीच्या बळाच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाला स्पूल घसरूं लागलें पाहिजे. ४.५ किलोच्या दोरीस हा आंकडा सुमारें १.१ ते १.५ किलो येतो. वेणीची दोरी ३० पौंडांची असली म्हणून लहान रिळावर ड्रॅग त्या मानानें आवळूं नये. दोरी, गांठ, काठी व रीळ ह्यांत जें सर्वांत दुबळें, त्यावरून ड्रॅग ठरवावा.

८. अवश्य सावधगिरी

आतां ज्या कारणानें हा लेख लिहावयास घेतला, तें सांगतों. गळ अडकला असतां दोरी हाताला, बोटाला किंवा मनगटाला कदापि गुंडाळूं नये. बारीक दोरीवर सारी ओढ अत्यंत अरुंद रेषेवर पडते, आणि दाब म्हणजे बल भागिलें क्षेत्रफळ, हें सूत्र आपण आठवींतच शिकलों आहों. चाकूहि ह्याच तत्त्वावर चालतो. वेतभर लांबीचा एक गोल लांकडी दांडा पिशवींत असावा. त्याला दोरीचे पांच-सहा वेढे द्यावे, काठी बाजूस ठेवावी, तोंड फिरवावें, आणि दांडा दोन्ही हातांनीं धरून मागें चालत जावें. तंगूसहि हात कापतो. फरक इतकाच कीं तो बहुधा आधीं तुटतो. २०१७ सालीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें पतंगाच्या नायलॉन मांज्यावर बंदी घातली, ती अशाच दोऱ्यांनीं माणसांचे गळे व पांखरांचे पंख कापले जातात म्हणून.

तुटलेली दोरी धक्क्यावर किंवा पाण्यांत टाकूं नये. रेशमाची दोरी कुजत असे. ह्या दोन्ही दोऱ्या कुजत नाहींत. बगळ्यांच्या पायांत, घारींच्या पंखांत व कासवांच्या मानेंत त्या अडकतात. वेळास, आंजर्लें इत्यादि किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवें अंडीं घालावयास येतात, तें पाहावयास आपण मोठ्या हौसेनें जातों. त्याच किनाऱ्यावर आपल्या हातचा फांस राहूं नये. जुनी दोरी घरीं आणून बोटबोटभर कापावी व मगच कचऱ्यांत टाकावी. त्याचप्रमाणें दोरी इतकी बारीक घेऊं नये कीं मासा हमखास तोडून जाईल. गळ व हातभर दोरी तोंडांत घेऊन फिरणारा मासा ना आपल्या कामाचा, ना खाडीच्या.

९. उपसंहार

तात्पर्य, तंगूस सहनशील आहे व वेणीची दोरी तीक्ष्ण आहे. पहिला आपल्या चुका पोटांत घालतो. दुसरी आपलें कौशल्य वाढविते, पण चूक झाल्यास माफ करीत नाहीं. म्हणून आरंभ पहिल्यानें करावा व हात बसल्यावर दुसरी घ्यावी.

पावसाळ्यानंतर मीं त्या विद्यार्थ्याला धक्क्यावर बोलाविलें. आम्हीं दोघांनीं मिळून त्याच्या रिळावर आधीं तंगूस, मग त्याची ती वेणीची दोरी आणि पुढें दीड मीटर लीडर अशी नीट भरणी केली. पालोमार गांठ मीं त्याला शिकविली; परंतु करंगळी अद्याप पुरती मिटत नसल्यामुळें आवळतांना ती मध्यें येत होती, तेव्हां त्यानें तीन बोटांनीं बांधण्याची स्वतःची रीत काढली. संध्याकाळीं भरतीच्या तोंडावर दोन किलोंची एक तांबोशी लागली. खांबाला दोनदां घासून लीडरला ओरखडे पडले, पण तो तुटला नाहीं. मासा वर आल्यावर त्यानें प्रथम लीडर बोटांनीं चांचपून पाहिला व म्हणाला, "सर, हा आतां बदलायला हवा." मीं मान डोलावली. त्याच्या वहींत मीं कधीं इतक्या समाधानानें बरोबरची खूण केली नव्हती.

आतां मधल्या सुट्टींत कोणी प्रश्न घेऊन आला आणि घंटा झालेली असली, तर मी त्याला सांगतों, "उद्यां ये, आज सांगितलें तर अर्धेंच सांगेन."